पंतप्रधान बदलला की हवामान धोरणाचं काय होतं? ऑस्ट्रेलियाची उलटसुलट वाटचाल

३ डिसेंबर २००७ रोजी लेबर पक्षाचे केविन रड यांनी ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि त्याच दिवशी हरितगृह वायूंचं उत्सर्जन घटवण्याच्या क्योटो कराराच्या मंजुरीपत्रावर सही केली. त्यांच्या आधीचे पंतप्रधान, लिबरल पक्षाचे जॉन हॉवर्ड यांनी हा करार वर्षानुवर्षं अडवून धरला होता. खरं तर करारात ऑस्ट्रेलियाने भलीमोठी सवलत पदरात पाडून घेतली होती. १९९० च्या तुलनेत उत्सर्जन घटवायचं सोडाच, ८ टक्क्यांनी वाढवायची मुभा होती. तरी मंजुरी मिळत नव्हती. सरकार बदललं आणि पहिल्याच दिवशी मिळाली.

पण याच रड यांना देशातल्या कारखान्यांच्या उत्सर्जनावर किंमत लावणारं विधेयक पुढच्या अडीच वर्षांत काही मंजूर करून घेता आलं नाही. माणूस तोच, इच्छा तीच. मग एक काम शपथविधीच्या दिवशी उरकतं आणि दुसरं खुर्ची जाईपर्यंत होत नाही, असं का? आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणं हा तिथे सरकारचा अधिकार आहे, त्याला संसदेत मतदान लागत नाही. उत्सर्जनाला किंमत लावायची तर कायदा हवा, आणि कायदा म्हटलं की सिनेट आलं.

हे सिनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह, नीट समजून घ्यायला हवं, कारण ऑस्ट्रेलियाच्या हवामान धोरणाचं घोडं दर वेळी इथेच पेंड खातं. एकूण ७६ सदस्य, सहा राज्यांतून प्रत्येकी १२, उरलेले चार केंद्रशासित भागांतले. राज्यांतून आलेल्या सदस्यांची मुदत सहा वर्षांची, आणि नेहमीच्या निवडणुकीत त्यातल्या निम्म्याच जागा भरल्या जातात. शिवाय त्या जागांवर निवडून आलेल्यांची मुदत १ जुलैला सुरू होते. म्हणजे नोव्हेंबरात खालच्या सभागृहात दणदणीत बहुमत मिळालं तरी नव्या पंतप्रधानाला कित्येक महिने जुन्याच सिनेटशी संसार करावा लागतो. आणि नवं सिनेट आलं तरी त्यात बहुमत मिळेलच असं नाही.

रड यांचं विधेयक ऑगस्ट २००९ मध्ये पडलं. मग विरोधी पक्षनेते माल्कम टर्नबुल यांच्याशी बोलणी करून तडजोड झाली. ती तडजोड टर्नबुल यांच्याच पक्षाला पचली नाही. १ डिसेंबरला पक्षांतर्गत मतदान झालं आणि टोनी अ‍ॅबट ४२ विरुद्ध ४१ मतांनी नेते झाले. एका मताने. दुसऱ्या दिवशी विधेयक पुन्हा पडलं. ग्रीन्स पक्षानेही विरोधात मत दिलं, पण अगदी उलट कारणासाठी: ५ टक्क्यांची कपात फारच कमी आणि बड्या उद्योगांना दिलेल्या सवलती फारच जास्त, असं त्यांचं म्हणणं होतं. विधेयक दोनदा फेटाळलं गेल्यावर दोन्ही सभागृहं विसर्जित करून निवडणूक घेण्याचा घटनात्मक मार्ग रड यांच्यापुढे होता. त्यांनी तो वापरला नाही. एप्रिल २०१० मध्ये योजना बासनात गेली आणि जूनमध्ये पक्षाने त्यांच्या जागी ज्युलिया गिलार्ड यांना बसवलं.

२३ डॉलरचा हिशेब

गिलार्ड यांनी निवडणुकीआधी जाहीर सांगितलं होतं की आपल्या सरकारात कार्बन कर येणार नाही. निवडणुकीत मात्र दोन्ही बाजूंना १५० पैकी ७२-७२ जागा मिळाल्या. सरकार टिकवायचं तर ग्रीन्स आणि अपक्ष हवे होते, आणि त्यांना कार्बनची किंमत हवी होती. नोव्हेंबर २०११ मध्ये कायदा सिनेटमधून पार झाला आणि १ जुलै २०१२ पासून मोठ्या उत्सर्जकांना एक टन कार्बन डायऑक्साइडमागे २३ ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागू लागले. पहिली तीन वर्षं किंमत सरकारने ठरवलेली, पुढे ती बाजारावर सोडायची, असं ठरलं होतं.

याचा परिणाम कसा होतो ते विजेच्या उदाहरणाने पाहू. व्हिक्टोरिया राज्यात लिग्नाइटवर, म्हणजे ओल्या, कमी प्रतीच्या कोळशावर चालणारी वीजकेंद्रं आहेत. १,००० युनिट वीज काढताना ती साधारण १.३ टन कार्बन डायऑक्साइड सोडतात. २३ डॉलरने गुणा: सुमारे ३० डॉलर, म्हणजे युनिटमागे ३ सेंट जादा. चांगलं गॅस केंद्र तेवढ्याच विजेला ०.४ टनाच्या आसपास सोडतं, म्हणजे युनिटमागे १ सेंटही नाही. पवनचक्कीला शून्य. ग्रिडमध्ये आधी स्वस्त वीज उचलली जाते. सगळ्यात घाणेरड्या केंद्राची वीज महाग झाली की ते रांगेत मागे सरकतं, तेवढे तास कमी चालतं. कोणाला बंदी घालावी लागत नाही.

घरखर्च वाढणार हे सरकारलाही ठाऊक होतं. अर्थखात्याचा अंदाज आठवड्याला सरासरी ९.९० डॉलरचा होता आणि भरपाई १०.१० डॉलरची ठेवली होती. ही भरपाई कशी दिली तेही पाहण्यासारखं आहे: काही पेन्शन आणि भत्त्यांतून, काही आयकरातून. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ६,००० डॉलरवरून एकदम १८,२०० डॉलर केली. धोरण म्हणून चोख, राजकारण म्हणून कच्चं. वीजबिल दर तीन महिन्यांनी हातात पडतं आणि डोळ्यांत खुपतं, पगारातून कमी कापलेला कर कोणाच्या लक्षात येतो? त्यातच वीजतारांच्या खर्चामुळे बिलं आधीच चढत होती. त्या सगळ्या वाढीचं खापर कार्बन करावर फुटलं. अ‍ॅबट यांच्या तेव्हाच्या मुख्य सहायकांनी पुढे २०१७ मध्ये टीव्हीवर मान्य केलं की तो कर नव्हताच, नाव तेवढं तसं पाडलं. पण नाव चिकटलं होतं.

काय पडलं, काय टिकलं

सप्टेंबर २०१३ मध्ये अ‍ॅबट निवडून आले. हवामानाबद्दल लोकांना माहिती देणारा क्लायमेट कमिशन नावाचा आयोग शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी बंद झाला. तो सरकारी आदेशाने उभा राहिला होता, त्याच्यामागे कायदा नव्हता. (त्यातल्या मंडळींनी वर्गणी गोळा करून तेच काम क्लायमेट कौन्सिल या नावाने पुन्हा सुरू केलं, पण सरकारी शिक्का गेला तो गेलाच.)

कार्बनच्या किमतीला कायद्याचा आधार होता, म्हणून ती आणखी दहा महिने जगली. १ जुलै २०१४ ला नवं सिनेट बसलं आणि १७ जुलैला ३९ विरुद्ध ३२ मतांनी कायदा रद्द झाला, १ जुलैपासून लागू धरून. करमुक्त मर्यादेला मात्र कोणी हात लावला नाही. १८,२०० डॉलरची ती मर्यादा कार्बनची किंमत गेल्यावरही तशीच राहिली. लोकांच्या खिशात गेलेलं काढून घेणं कोणत्याच पंतप्रधानाला परवडत नाही.

त्याच वेळी अ‍ॅबट यांना हरित गुंतवणुकीची सरकारी वित्तसंस्था, म्हणजे क्लीन एनर्जी फायनान्स कॉर्पोरेशन, आणि सरकारला सल्ला देणारं क्लायमेट चेंज ऑथॉरिटीही मोडीत काढायचं होतं. ते जमलं नाही. सिनेटमधली निर्णायक मतं क्लाइव्ह पामर यांच्या नव्या पक्षाकडे होती. पामर म्हणजे स्वतः कोळसा आणि खनिजांच्या धंद्यातले. जून २०१४ मध्ये त्यांनी अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांना शेजारी उभं करून जाहीर केलं की कार्बनची किंमत रद्द करायला मत देऊ, पण या दोन संस्था आणि अक्षय ऊर्जेचं लक्ष्य राहू देऊ. कोळसावाल्याने हरित संस्था वाचवल्या. कोण कशाच्या बाजूने उभं राहील, हे जाहीरनामे वाचून सांगता येत नाही ते असं.

वित्तसंस्था वाचण्यामागे कायद्याच्या मसुद्यातली एक पाचरही होती. तिचे १० अब्ज डॉलर दरवर्षीच्या अर्थसंकल्पात मागायचे नव्हते. २०१३ पासून पाच वर्षं, दर १ जुलैला २ अब्ज आपोआप तिच्या खात्यात पडतील अशी तरतूद कायद्यातच होती. मंत्र्याला फक्त गुंतवणुकीची दिशा सांगायचा अधिकार. तो वापरून २०१५ मध्ये पवनऊर्जा आणि छतावरच्या सोलरमध्ये पैसे घालू नका असं सांगण्याचा प्रयत्न झाला. त्याच वर्षी पंतप्रधान पुन्हा बदलले आणि तो बारगळला. दुसऱ्या एका संस्थेवर मात्र कात्री चाललीच: अक्षय ऊर्जेच्या संशोधनाला अनुदान देणाऱ्या संस्थेचे ५०० दशलक्ष डॉलर २०१६ मध्ये कापले गेले, आणि तेही दोन्ही मोठ्या पक्षांच्या संमतीने.

टांगणीला लागलेली वर्षं

कायदा रद्द झाला तर नुकसान होतं, हे उघड आहे. पण ‘रद्द करू की नको’ या चर्चेत गेलेली वर्षं जास्त महाग पडतात, असं आमचं मत आहे. त्यासाठी अक्षय ऊर्जेच्या लक्ष्याची गोष्ट पाहावी.

हे लक्ष्य हॉवर्ड यांच्याच काळातलं. क्योटोला नाही म्हणणाऱ्या पंतप्रधानांनी २००० साली हा कायदा केला, हे अनेकांच्या लक्षात नसतं. वीज विकणाऱ्या कंपन्यांनी ठरावीक वीज अक्षय स्रोतांतून घेतली पाहिजे आणि पुरावा म्हणून प्रमाणपत्रं जमा केली पाहिजेत: १,००० युनिटला एक. सुरुवातीचं लक्ष्य वर्षाला ९५० कोटी युनिटचं. रड यांनी ते कितीतरी पटींनी वाढवलं आणि मोठ्या प्रकल्पांचा वाटा पुढे २०२० साठी ४,१०० कोटी युनिट ठरला.

पवनऊर्जेचा प्रकल्प उभा राहतो तो कर्जावर. बँक दोन गोष्टी पाहते: वीज कोणत्या दराने विकली जाईल आणि प्रमाणपत्राला काय भाव मिळेल. त्यासाठी वीजकंपनीशी दहा-पंधरा वर्षांचा करार हातात असावा लागतो. २०१४ मध्ये अ‍ॅबट सरकारने लक्ष्याचा फेरविचार करायला समिती नेमली. लक्ष्य कमी होणार अशी हवा झाल्यावर वीजकंपन्यांनी करार करणं थांबवलं. उद्या गरजच नसेल तर आज कशाला बांधून घ्यायचं? करार नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बांधकाम नाही. प्रमाणपत्राचा भाव २५ डॉलरच्या आसपास घसरला. कायद्यात तेव्हा एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

जून २०१५ मध्ये तडजोड होऊन लक्ष्य ३,३०० कोटी युनिटवर आलं. घटवलं खरं, पण एकदाचं ठरलं. आता कंपन्यांना प्रमाणपत्रं हवी होती आणि मधल्या काळात फारसं काही बांधलंच गेलं नव्हतं. तुटवडा पडला. २०१६ मध्ये तोच भाव ८० डॉलरच्या वर गेला. प्रमाणपत्र कमी पडलं तर होणारा दंड ६५ डॉलरचा असूनही भाव त्याच्या वर कसा? दंडावर करसवलत मिळत नाही आणि प्रमाणपत्राच्या खर्चावर मिळते, म्हणून कंपनीला ६५ चा दंड प्रत्यक्षात ९० च्या पुढे पडतो. हा सगळा खर्च शेवटी ग्राहकाच्या बिलात उतरला. ‘हरित धोरणांमुळे वीज महागली’ असं म्हणणाऱ्यांनी यातला धरसोडीचा वाटाही मोजायला हवा.

दुसरा नमुना टास्मानियाचा. या बेटाची बहुतेक वीज धरणांवरची. कार्बनची किंमत होती तोवर जलविद्युत मुख्य भूमीला विकण्यात चांगला नफा होता, आणि ती किंमत जाणार हे दिसत होतं. साहजिकच धरणांतून जोरात वीज काढली गेली. पुढे पाऊस कमी पडला आणि डिसेंबर २०१५ मध्ये समुद्राखालून मुख्य भूमीला जोडणारी केबलही तुटली. एप्रिल २०१६ पर्यंत धरणांचा साठा सुमारे १३ टक्क्यांवर आला आणि स्वच्छ विजेच्या या राज्याला भाड्याने डिझेल जनरेटर आणावे लागले. पाऊस आणि केबल हा दैवाचा भाग. साठा आधीच खाली होता तो धोरणाच्या लपंडावामुळे.

आणि हेझलवूड. व्हिक्टोरियातलं हे १,६०० मेगावॉटचं लिग्नाइट केंद्र राज्याला सुमारे पाचवा हिस्सा वीज पुरवत होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये मालक कंपनीने बंद करतो म्हणून सांगितलं आणि मार्च २०१७ अखेर बंदही केलं. पाच महिन्यांची नोटीस. त्याची जागा घेणारं काही उभं नव्हतं, घाऊक विजेचे दर उसळले. त्यानंतर नियम आला की केंद्र बंद करायचं तर तीन वर्षं आधी कळवावं लागेल.

आपल्याच पक्षातला विरोध

सप्टेंबर २०१५ मध्ये अ‍ॅबट यांना हटवून टर्नबुल पंतप्रधान झाले. २००९ मध्ये ज्यांची पक्षनेतेपदाची खुर्ची याच प्रश्नावर गेली तेच. बऱ्याच जणांना वाटलं, आता धोरण वळणार. पण लिबरल आणि नॅशनल या मित्रपक्षांतला कोळशाच्या बाजूचा गट जागेवरच होता. देशाच्या मुख्य शास्त्रज्ञांनी जून २०१७ मध्ये सुचवलेली योजना मागे पडली. तिच्याऐवजी आणलेल्या योजनेतला उत्सर्जनाचा भाग ऑगस्ट २०१८ मध्ये सोडून द्यावा लागला आणि त्याच आठवड्यात पंतप्रधानपद गेलं. त्यांच्या जागी आले स्कॉट मॉरिसन, ज्यांनी अर्थमंत्री असताना कोळशाचा ढेकूळ हातात घेऊन संसदेत भाषण केलं होतं. याच मॉरिसन यांनी ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२१ मध्ये, २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं लक्ष्य मान्य केलं. नेत्याचा पिंड आणि त्याच्या हातून होणारं काम यांचा मेळ बसतोच असं नाही.

जुन्याच सांगाड्यावर

मे २०२२ मध्ये अँथनी अल्बनीज यांचं लेबर सरकार आलं. २०३० पर्यंत २००५ च्या तुलनेत ४३ टक्के कपात आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य, हे दोन्ही आकडे त्यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये कायद्यात घातले. त्या कायद्याने एकाही कारखान्याचं एक किलो उत्सर्जन थेट कमी होत नाही. त्यात आहे ते लक्ष्य, मंत्र्याने दरवर्षी संसदेला द्यायचा अहवाल आणि तज्ज्ञ सल्ल्याची सक्ती. सल्ला कोणाचा? क्लायमेट चेंज ऑथॉरिटीचा, म्हणजे पामर यांच्या मतांनी वाचलेल्या त्याच संस्थेचा.

खरी कपात करायला नवा कार्बन कायदा आणायचं मात्र लेबरने टाळलं. दूध पोळलं होतं, ताक फुंकून पिणं आलंच. अ‍ॅबट सरकारने कार्बनच्या किमतीऐवजी आणलेल्या योजनेत ‘सेफगार्ड’ नावाची एक यंत्रणा होती. वर्षाला एक लाख टनांपेक्षा जास्त उत्सर्जन करणाऱ्या प्रत्येक ठिकाणाला, मग ती खाण असो, गॅस प्रकल्प असो की सिमेंट कारखाना, एक मर्यादा. २०१६ मध्ये ती लागू झाली तेव्हा मर्यादा इतक्या सैल होत्या की कोणाला फारसा त्रासच नव्हता. लेबरने हाच सांगाडा उचलला आणि १ जुलै २०२३ पासून मर्यादा दरवर्षी ४.९ टक्के खाली आणायला सुरुवात केली. मूळ मर्यादा १० लाख टन धरा. उत्पादन तेवढंच राहिलं तर पहिल्या वर्षी ९.५१ लाख, दुसऱ्या वर्षी ९.०२ लाख, असं करत २०२९-३० मध्ये ६.५७ लाख. जास्त सोडलं तर तेवढी क्रेडिट, म्हणजे टनामागे एक अशी कपातीची प्रमाणपत्रं, विकत घ्या, कमी सोडलं तर तुमची क्रेडिट विका. दोनशेच्या वर ठिकाणं यात येतात. याला कर म्हणणं विरोधकांना अवघड गेलं, कारण मूळ यंत्रणा त्यांचीच.

यातही एक कच्चा दुवा आहे. ४.९ टक्के हा आकडा मंत्र्याने केलेल्या नियमांत आहे, मूळ कायद्यात नाही. नियम बदलायला नवा कायदा लागत नाही. पुढच्या मंत्र्याने तो सैल केला तर दोहोंपैकी एका सभागृहाने तो नामंजूर करणं एवढाच अडसर राहील. हा प्रश्न कागदोपत्री नाही: नोव्हेंबर २०२५ मध्ये लिबरल पक्षाने २०५० च्या निव्वळ शून्याचं लक्ष्य सोडून दिलं.

कदाचित म्हणूनच सध्याचं सरकार करारांवर जास्त भर देतं आहे. सौर, पवन आणि बॅटरी प्रकल्पांचे लिलाव होतात. जिंकणाऱ्याचं उत्पन्न ठरलेल्या तळापेक्षा खाली गेलं तर सरकार फरकातला हिस्सा भरतं, वरच्या मर्यादेपुढे गेलं तर प्रकल्प सरकारला हिस्सा देतो. मुदत पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे पाच निवडणुका. सही झालेला करार मोडायचा तर नुकसानभरपाई आली. शिवाय राज्यं आहेतच. न्यू साउथ वेल्समध्ये लिबरल ऊर्जामंत्री मॅट कीन यांनी २०२० मध्ये १२ गिगावॉट अक्षय ऊर्जेचा कायदा केला, तोही केंद्रात त्यांचाच पक्ष टाळाटाळ करत असताना. २०२४ मध्ये लेबर सरकारने त्यांनाच क्लायमेट चेंज ऑथॉरिटीचं अध्यक्ष केलं.

एका बाबतीत मात्र कोणताही पंतप्रधान येवो, फरक पडलेला नाही: कोळशाची निर्यात. जाळलेल्या कोळशाचं उत्सर्जन जाळणाऱ्या देशाच्या खाती जमा होतं, खणणाऱ्याच्या नाही. क्वीन्सलँडचा कोकिंग कोळसा भारतातल्या पोलाद कारखान्यांत जातो तेव्हा तो धूर आपल्या हिशेबात येतो. अदानी समूहाच्या कारमायकल खाणीला २०१४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, २०१५ मध्ये ती न्यायालयात रद्द झाली, काही महिन्यांत पुन्हा मिळाली आणि २०२१ च्या अखेरीस पहिला कोळसा निर्यात झाला. दोन्ही मोठ्या पक्षांपैकी कोणीही निर्यातीवर कमाल मर्यादा घातलेली नाही.

आणि दुसरी, कोणालाच मोडता न आलेली गोष्ट म्हणजे छतावरचं सोलर. ४० लाखांहून जास्त घरांवर ते आहे. सिडनी-मेलबर्नमध्ये घर असलेल्या मराठी मंडळींना हा व्यवहार पाठ असेल. समजा, सिडनीत २०२५ मध्ये ६.६ किलोवॉटचे पॅनेल बसवले. ६.६ गुणिले त्या भागाचा गुणांक १.३८२, गुणिले योजनेची उरलेली वर्षं ६: आले ५४ प्रमाणपत्रं. एकेक साधारण ३८ डॉलरचं, म्हणजे दोन हजार डॉलरच्या वर. ती आपल्या नावावर करून घेऊन बसवणारा तेवढी रक्कम बिलातून वजा करतो, घरमालकाला एक कागद भरण्यापलीकडे काही करावं लागत नाही. दर १ जानेवारीला गुणाकारातलं एक वर्ष कमी होतं. हे सगळं चालतं हॉवर्ड यांच्या २००० सालच्या कायद्यावर. जुलै २०२५ पासून घरगुती बॅटरीची सवलतही त्याच कायद्याखाली, त्याच प्रमाणपत्रांच्या पद्धतीने जोडली गेली. योजना २०३० च्या अखेरीस संपते, तेही कायद्यातच लिहिलेलं आहे.